इंग्लंडात घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा? एजंटचा घ्यावा की आपला आपण शोधावा?

वारजे_ते_रेडिंग · ११ मे २०२५

मंडळी, रेडिंगजवळ अर्लीमध्ये तीन बेडरूमचं एक सेमी-डिटॅच्ड घर आम्हाला आवडलं आणि ४,८५,००० पौंडांची आमची ऑफर परवा मान्य झाली. बायकोने घरी फोन करून सांगितलं, पेढे झाले, आणि दोन तासांत एजंटचा फोन. "सॉलिसिटर कोण आहे तुमचा? नसेल तर आमच्याकडे आहेत, आजच फाइल उघडून देतो."

माझ्यापुढे आत्ता तीन कोटेशनं आहेत. एक ऑनलाइन कंपनी, ८५० पौंड. एक एजंटने सुचवलेली फर्म, १,४५०. आणि गावातली एक जुनी फर्म, १,३५०. तिन्हींवर व्हॅट वेगळा. काम तेच असेल तर ८५० वाल्याकडे का जाऊ नये, हा माझा साधा प्रश्न.

पुण्यात बाबांनी फ्लॅट घेतला तेव्हा आम्ही ओळखीच्या वकिलांकडे जाऊन बसलो होतो. त्यांनी ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला, मग सगळे मिळून सब-रजिस्ट्रारकडे गेलो, फोटो-अंगठे झाले आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. इथे वकिलाचं तोंडही दिसणार नाही अशी चिन्हं आहेत. ज्यांनी घरं घेतली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

मनकवडी

अभिनंदन! आधी शांत व्हा. एजंट विक्रेत्याचा असतो, त्याला पैसे विक्रेता देतो. तुमची ऑफर मान्य होणं आणि त्यांचा सॉलिसिटर घेणं यांचा काडीचा संबंध नाही. आम्हाला स्लाऊला घर घेताना "आमचा घेतलात तर व्यवहार लवकर होईल" असं सांगितलं होतं. आम्ही घेतला, आणि पाच महिने लागले.

---

फोडणीचे_पोहे

पेढे कुठले ते आधी सांगा, मग सॉलिसिटरचं बघू.

---

टेम्सकाठचा_बगळा

मी १९९८ पासून लंडनात आहे. चार वेळा घर बदललं, चार वेगळे सॉलिसिटर झाले. ८५० आणि १,३५० मध्ये फरक ५०० चा नाही, हे आधी लक्षात घ्या. कोटेशनचं दुसरं पान वाचा. ओळखपत्र तपासणीचे वेगळे, बँकेत पैसे पाठवायचे वेगळे, स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरायचे वेगळे, कर्ज असेल तर बँकेचं काम बघायचे वेगळे, आईवडिलांनी पैसे दिले असतील तर त्या 'गिफ्टेड डिपॉझिट'चे वेगळे, लीझहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचं घर असेल तर आणखी वेगळे. सर्चेसचे, म्हणजे पालिका, पाण्याची कंपनी वगैरेंकडून घराची माहिती मागवण्याचे तीन-चारशे तर कुठेही लागतातच. सगळ्यांना एकच ईमेल पाठवा: "व्हॅट आणि सगळे खर्च धरून शेवटचा आकडा सांगा, आणि व्यवहार मोडला तर किती द्यावं लागेल तेही सांगा." उत्तरं आली की तिघं जवळजवळ एकाच रांगेत उभे दिसतील.

एजंटने सुचवलेल्या फर्मला विचारा, "तुम्ही एजंटला रेफरल फी देता का, किती?" विचारलं की सांगावं लागतं. काही शे पौंड असतात ते, आणि निघतात तुमच्याच बिलातून.

---

वारजे_ते_रेडिंग

@बगळा, दुसरं पान खरंच वाचलं नव्हतं. ८५० वाल्याचं बेरीज करून १,२९० होतंय, तेही गिफ्टेड डिपॉझिटचे धरले नाहीत अजून. धन्यवाद.

पेढे चितळ्यांचे नाहीत, बायकोने घरी केलेत.

---

लेस्टरची_लेक

मी सात वर्षं एका फर्ममध्ये कन्व्हेयन्सिंग पॅरालीगल, म्हणजे घरांच्या व्यवहारांचे कागद बघणारी वकिलांची सहाय्यक आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहिते. जरा लांबेल.

तुमचं काम 'सॉलिसिटर' करू शकतो किंवा 'लायसन्स्ड कन्व्हेयन्सर' करू शकतो. दोघंही चालतात. पहिल्यावर एसआरएची (सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी) देखरेख असते, दुसऱ्यावर सीएलसीची (काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स). दोन्हींच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं, ते शोधाच. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संस्थेची सीक्यूएस (कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम) नावाची मान्यता आहे का बघा. आणि सगळ्यात आधी विचारा की तुम्ही ज्या बँकेचं कर्ज घेताय तिच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य फर्मच्या यादीत, ती फर्म आहे का. नसेल तर बँकेसाठी दुसरा वकील लावावा लागतो आणि त्याचे पैसे तुम्हीच देता.

मग विचारायचा खरा प्रश्न: माझी फाइल कोण बघणार? नाव काय, थेट नंबर काय, ती व्यक्ती रजेवर गेली तर कोण? स्वस्त कारखान्यांमध्ये फाइल टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या टेबलांवर फिरते. सर्च मागवणारी वेगळी, उत्तरं वाचणारा वेगळा, फोन घेणारा तर शहरही वेगळं. त्यात कुणी वाईट असतं असं नाही. पण स्वयंपाकघराच्या वाढीव बांधकामाची परवानगी नाही ही गोष्ट एका कागदावर असते, सांडपाण्याची लाइन त्याच बांधकामाखालून जाते हे दुसऱ्या नकाशावर असतं, आणि दोन्ही एकाच डोळ्यांनी बघितल्याशिवाय प्रश्न उभाच राहत नाही. तुम्ही पैसे देता ते त्या डोळ्यांचे.

क्रम असा असतो. विक्रेता टीए६ नावाचा फॉर्म भरतो: शेजाऱ्यांशी वाद, बांधकामं, पूर, जपानी नॉटवीड नावाचं उपद्रवी तण, सगळं त्यात. टीए१० मध्ये काय ठेवून जाणार ते. आम्ही लँड रजिस्ट्रीचा उतारा बघतो, सर्चेस मागवतो आणि त्यातून प्रश्न काढून पलीकडच्या वकिलाला पाठवतो. त्याला एन्क्वायरीज म्हणतात आणि वेळ इथेच जातो. उत्तरं पुरेशी वाटली की एक्स्चेंज, म्हणजे करारांची अदलाबदल आणि १० टक्के रक्कम. तोवर दोघांपैकी कुणीही एका फोनवर माघार घेऊ शकतो. त्यानंतर नाही. नंतर कम्प्लिशन, पैसे जातात आणि किल्ली मिळते. तीन-चार महिने धरून चाला.

---

फोडणीचे_पोहे

@लेक, हे वाचून मला माझ्या फाइलचं काय झालं असेल ते आत्ता कळलं.

मिल्टन कीन्सला नवीन बांधणीचं घर घेतलं. बिल्डरने सुचवलेला सॉलिसिटर घेतला तर फरशा फुकट आणि २८ दिवसांत एक्स्चेंज करायचं, अशी अट होती. घाईत सह्या केल्या. राहायला गेल्यावर समजलं की घरासमोरचा रस्ता कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा नाहीच. तो बिल्डरच्या ताब्यात, बाग आणि दिवे एका व्यवस्थापन कंपनीकडे, आणि त्याची वार्षिक फी आमच्याकडे. कौन्सिल टॅक्स भरतोच, वर हे. कागदात होतं सगळं, ४१ पानांच्या रिपोर्टात ३३ व्या पानावर. फोन करून "हे बघा बरं का" असं कुणी म्हटलं नाही.

नवीन वसाहतीत घेणाऱ्यांनी दोन गोष्टी नावानिशी विचारा. रस्त्यासाठी सेक्शन ३८ चा (रस्ता कौन्सिलने ताब्यात घेण्याचा) करार झालाय का, आणि गटारांसाठी सेक्शन १०४ चा (गटारं पाण्याच्या कंपनीने घेण्याचा). आणि फीला वरची मर्यादा आहे का.

---

रानजाई

लीझहोल्डवाल्यांनी जास्त जपा. वेम्बलीला आम्ही एक फ्लॅट जवळजवळ घेतलाच होता. ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीच्या मालकाला द्यायचं भाडं, वर्षाला ३०० पौंड, आम्हाला किरकोळ वाटलं. आमच्या सॉलिसिटर बाईंनी फोन करून विचारलं, "दर १० वर्षांनी दुप्पट होतं हे वाचलंत का?" ३०० चे ६००, १,२००, २,४००. बँकही असल्या कलमाला कर्ज देताना अडते. आम्ही सोडला तो फ्लॅट. बाईंनी तोवरच्या कामाचे ४०० घेतले, आणि तेव्हापासून मी त्यांना दिवाळीला चिवडा पाठवते.

३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीझमध्ये ग्राउंड रेंट घेताच येत नाही, पण बाजारात जुन्या लीझ भरपूर आहेत. लीझची ८० पेक्षा कमी वर्षं उरली असतील तर वाढवण्याचा खर्च चढतो. आणि इमारत उंच असेल तर बाहेरच्या आवरणाचे कागद मागा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग अशाच आवरणामुळे पसरली, त्यानंतर, म्हणजे २०१७ नंतर, हे सगळं बदललंय. काही फर्म असल्या इमारतींची कामं घेतच नाहीत, म्हणून फी भरण्याआधी विचारा.

---

धुकटवाट

एडिनबराहून. इथे वरचं अर्धं लागू होत नाही. ऑफर एजंटला तोंडी द्यायची नसते, ती सॉलिसिटरमार्फत लेखी जाते. म्हणजे घर आवडायच्या आधीच सॉलिसिटर हवा. विक्रेत्याने होम रिपोर्ट, म्हणजे घराच्या पाहणीचा आणि किमतीचा अहवाल, आधीच काढलेला असतो. मग दोन्ही सॉलिसिटरांची पत्रापत्री होते, तिला मिसिव्ह्ज म्हणतात, आणि ती पूर्ण झाली की दोघंही बांधले गेले. स्कॉटलंडात घर घ्यायचं तर स्कॉटिश सॉलिसिटरच लागतो, लंडनचा चालत नाही.

---

वारजे_ते_रेडिंग

खूप मोलाचं लिहिताय सगळे. मी गावातल्या फर्मकडे झुकलोय. आज फोनवर बोललो, एका बाईंनी स्वतः २० मिनिटं दिली. त्यांनी एक विचारलं त्याने मात्र गोंधळलो. "तुमच्या किंवा पत्नीच्या नावावर जगात कुठेही घर आहे का?" मी म्हटलं नाही, पहिलंच घर. मग आठवलं, वारज्याचा वनबीएचके बाबांनी २०१३ साली घेतला तेव्हा दुसरं नाव माझं घातलं होतं. पैसे सगळे त्यांचे. मी तिथे दोन वर्षं राहिलोय फक्त. हे सांगायचं का?

---

लेस्टरची_लेक

सांगायचं! आजच, लेखी.

तुम्ही स्टॅम्प ड्यूटीचा हिशेब फर्स्ट टाइम बायर, म्हणजे पहिलंच घर घेणारे, म्हणून केला असेल. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दराने ४,८५,००० ला पहिल्या ३ लाखांवर शून्य, वरच्या १,८५,००० वर ५ टक्के, म्हणजे ९,२५० पौंड. ही सवलत ज्याच्या नावावर जगात कुठेही कधीही घर नव्हतं त्यालाच. पुणेही जगातच येतं. दोघं मिळून घेत असाल तर दोघंही तसे हवेत. तुमचं नाव असेल तर सवलत गेली, मग नेहमीचा दर: १४,२५०.

आणि याहून मोठं. दुसरं घर आधीच असेल तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के अधिभार लागतो. तुमच्या बाबतीत २४,२५०. एकूण ३८,५००. हा अधिभारही परदेशातलं घर धरतो.

---

वारजे_ते_रेडिंग

हातपाय गार पडले. २९,००० चा फरक. तेवढे नाहीत आमच्याकडे.

---

सडाफटिंग

अहो, वारज्याच्या फ्लॅटचं इथे कुणाला कळणार आहे? गप्प बसा. माझ्या माहितीतल्या निम्म्या लोकांनी हेच केलंय.

---

टेम्सकाठचा_बगळा

@सडाफटिंग, हा सल्ला देऊ नका. ते तुमच्या सहीचं डिक्लेरेशन असतं. उद्या खोटं निघालं तर कर, व्याज आणि दंड त्यांच्या डोक्यावर, तुमच्या नाही. व्हिसावर असलेल्या माणसाला तर तो डाग कुठे कुठे नडेल सांगता येत नाही. शिवाय बाबांकडून गिफ्ट घेणार असतील तर बाबांची बँक स्टेटमेंटं जाणारच आहेत. त्यात फ्लॅटचा मेंटेनन्स, भाडं, सगळं दिसेल. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

---

मनकवडी

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर?

---

लेस्टरची_लेक

अधिभारासाठी एकत्र राहणारे नवरा-बायको एकच धरतात. नवऱ्याचं घर मोजतात. तेवढ्याने सुटत नाही.

पण @वारजे, घाबरून जाऊ नका. अधिभारासाठी दुसऱ्या घरातल्या तुमच्या हिश्श्याची बाजारातली किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असावी लागते. कम्प्लिशनच्या दिवशीची. तुमचा हिस्सा त्याखाली असेल तर अधिभार नाही. फर्स्ट टाइमची सवलत मात्र गेलीच. फ्लॅटची आजची किंमत काय असेल? आणि हेही सांगते की बऱ्याच फर्म कराचा सल्ला देत नाहीत, कराच्या सल्लागाराकडे पाठवतात. पाठवलं तर जा, तिथे दोन-तीनशे वाचवू नका. बाबांनीच सगळे पैसे भरले याला काही अर्थ आहे का, तेही त्यांनाच विचारा, इथल्या प्रतिसादांवर ठरवू नका.

---

केतकी०७

मी गेले महिनाभर नुसतीच वाचत होते, आता विचारतेच. आमचं राजापूरजवळ आजोबांचं घर आहे. आजोबा गेल्यावर वारसांची नावं लागली, त्यात बाबा गेल्यानंतर माझंही. उताऱ्यावर अकरा नावं आहेत. पावसाळ्यात माजघरात बादल्या ठेवाव्या लागतात. तेही घर धरतात?

---

लेस्टरची_लेक

हो केतकी. वारसाने आलेला हिस्साही फर्स्ट टाइम बायरसाठी आड येतो. अकरावा हिस्सा ४०,००० पौंडांपर्यंत जाणार नाही, म्हणून अधिभाराची भीती नसावी. पण सॉलिसिटरला लेखी कळव. आमच्याकडे येणारी मराठी मंडळी हमखास "नाही" म्हणतात, कारण आपल्या डोक्यात ते घर 'आजोबांचं' असतं.

---

केतकी०७

खरंय. आजीने त्या चुलीसमोर मला अ-आ-ई शिकवलं. ते माझ्या 'नावावर' आहे असं कधी मनातच आलं नाही.

---

नवखा_क्रॉयडन

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. एक्स्चेंजच्या आदल्या शुक्रवारी दुपारी मला सॉलिसिटरच्या नावाने ईमेल आला: "आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, डिपॉझिट या नव्या खात्यात भरा." खाली सही तीच, लोगो तोच, माझा फाइल नंबरही बरोबर. ४१,००० पौंड होते. पहिल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की आमचा खाते क्रमांक व्यवहाराच्या मध्यात कधीही बदलणार नाही. म्हणून ईमेलमधल्या नंबरवर नाही, त्या कागदी पत्रावरच्या नंबरवर फोन केला. तिकडून बाई म्हणाल्या, "थांबा, काही भरू नका." आधी एक पौंड पाठवा, पोचला का फोनवर विचारा, मगच बाकीचे.

---

फोडणीचे_पोहे

काटा आला वाचून. हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवा कुणीतरी.

---

रानजाई

गिफ्टचं कुणी लिहिलं नाही म्हणून. सासऱ्यांनी २० लाख दिले. सॉलिसिटरने मागितलं: सहा महिन्यांची स्टेटमेंटं, पासपोर्टची साक्षांकित प्रत, आणि 'हे कर्ज नाही, घरावर आमचा हक्क नाही' असं सही केलेलं पत्र. पैसे मुदत ठेव मोडून आले होते, तर ठेव कुठून आली ते विचारलं. ती ठेव गावच्या पतसंस्थेत, पासबुक मराठीत, मध्ये मध्ये हाताने लिहिलेलं. त्याचं अधिकृत भाषांतर करून द्यावं लागलं. सासऱ्यांना फार लागलं ते. "३५ वर्षं शाळेत नोकरी केली, चोरीचे आहेत का?" असं दोनदा म्हणाले. मी त्यांना समजावलं की इथे सगळ्यांनाच विचारतात. पण पहिल्याच आठवड्यात ही यादी मागून घ्या. ऐनवेळी सत्तरीच्या माणसाला बँकेत उन्हात पळायला लावू नका.

दुसरं, भारतातून पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. ही मर्यादा माणशी आहे. आम्ही सासू-सासऱ्यांच्या दोघांच्या खात्यांतून दहा-दहा पाठवले.

---

वारजे_ते_रेडिंग · २२ जून २०२५

सांगायचं राहिलं होतं. गावातली फर्म घेतली. बाईंना सगळं लिहून कळवलं, त्यांनी कराच्या सल्लागाराकडे पाठवलं. बाबांनी पुण्यात नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून अहवाल काढला. फ्लॅट ६२ लाख. माझा अर्धा ३१ लाख, म्हणजे २७,००० पौंडांच्या आसपास. इंडेक्स-टू, करारनामा आणि अहवाल, तिन्ही पाठवले. सल्लागाराचं लेखी उत्तर आलं: अधिभार नाही, सवलतही नाही, १४,२५० भरा. ५,००० जास्त गेले, पण रात्री झोप लागते.

@रानजाई, तुमच्या सासऱ्यांसारखंच आमच्या बाबांचं झालं. मी फोनवर त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

आता नवीन प्रश्न. बाईंनी काढलेल्या एन्क्वायरीजमध्ये मागच्या स्वयंपाकघराची वाढ आली. विक्रेत्याने २००९ साली केली, बिल्डिंग रेग्युलेशनचं कम्प्लिशन सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला, नाही. पलीकडचा वकील म्हणतो इन्डेम्निटी पॉलिसी घेऊन देतो, १०० पौंडांच्या आतली. मी कौन्सिलला फोन करून विचारू का?

---

लेस्टरची_लेक

फोन करू नका. कौन्सिलला स्वतः कळवलंत तर ती पॉलिसी मिळत नाही. आधी बाईंशी बोला.

आणि ती पॉलिसी काय आहे ते समजून घ्या. कौन्सिलने कारवाई केली तर तिचा खर्च ती देते. बांधकाम कच्चं निघालं, छप्पर खचलं, तर एक पैसा देत नाही. सोळा वर्षांनंतर कारवाईची शक्यता जवळजवळ नाही. छप्पर मात्र तुमच्या डोक्यावर आहे.

---

टेम्सकाठचा_बगळा

अनुमोदन. पॉलिसी घ्या, आणि लेव्हल ३ चा, म्हणजे सगळ्यात सविस्तर सर्वे करवून घ्या आणि सर्वेअरला सांगा की स्वयंपाकघराकडे खास बघ. सॉलिसिटर कागद बघतो, भिंत बघत नाही. कित्येक फाइलींत तो घराच्या गल्लीतही गेलेला नसतो. पाण्याच्या कंपनीचा सर्च आला असेल तर नकाशा मागा. गटाराची लाइन त्या वाढीखालून जात असेल तर तिची वेगळी परवानगी लागते.

आणखी एक. कौन्सिलचा सर्च फक्त तुमच्या घराबद्दल बोलतो. शेजारच्या मोकळ्या जागेवर काय होणार ते त्यात येत नाही. कौन्सिलच्या प्लॅनिंगच्या पानावर पोस्टकोड टाकून स्वतः बघा, फुकट आहे. लँड रजिस्ट्रीचा उताराही ७ पौंडांत कुणालाही मिळतो.

---

वारजे_ते_रेडिंग

७ पौंड भरून उतारा काढला! त्यात १९३४ ची एक अट आहे: या जागेत कोंबड्या आणि डुकरं पाळायची नाहीत. बायकोला वाचून दाखवली, तिला तुळस चालेल का एवढीच काळजी होती.

---

फोडणीचे_पोहे

तुळस चालते. फक्त हिवाळ्यात ती घरात आणि तुम्ही तिच्या काळजीत. दर मार्चमध्ये नवीन आणतो आम्ही.

---

मनकवडी

एक विचारायचं राहिलं. सॉलिसिटर दोन-दोन आठवडे काही कळवतच नाहीत, तेव्हा काय करायचं? मी रोज फोन करायचे.

---

लेस्टरची_लेक

रोज फोन आला की फाइल उघडायचा वेळ फोनवर जातो. मंगळवार-बुधवारी एक ईमेल करा: कुठल्या एन्क्वायरीची उत्तरं बाकी आहेत आणि ती कुणाकडे अडली आहेत. शुक्रवारी आम्ही कम्प्लिशनमध्ये बुडालेलो असतो, तेव्हा नको. आम्ही काही मागितलं की अर्धं अर्धं न पाठवता एकदम पाठवा. तरीही दाद लागत नसेल तर फर्मकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बड्समनकडे, म्हणजे वकिलांबद्दलच्या तक्रारी बघणाऱ्या लवादाकडे जाता येतं. सॉलिसिटर असो की लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, दोघांसाठीही.

---

वारजे_ते_रेडिंग · १९ सप्टेंबर २०२५

मंडळी, झालं.

सर्वेअरने स्वयंपाकघराच्या छपराला एका कोपऱ्यात ओल आणि फ्लॅशिंग (छप्पर-भिंतीच्या सांध्यावरची पट्टी) निघालेलं दाखवलं. त्यावरून किंमत ४,००० ने उतरवून घेतली, म्हणजे ४,८१,०००. स्टॅम्प ड्यूटीही २०० ने कमी, १४,०५०. इन्डेम्निटी विक्रेत्याने भरली. गटाराची लाइन बाजूच्या घराकडून जाते, आमच्या खालून नाही. एक्स्चेंजच्या दिवशी बाईंनी फोन करून विचारलं, "घराचा विमा आजपासून सुरू केलात ना?" आम्ही केला नव्हता. तासाभरात केला.

बाईंचं शेवटचं बिल पहिल्या कोटेशनपेक्षा ६० पौंडांनी जास्त, तेही आधी विचारून. आम्ही त्यांना एकदाच प्रत्यक्ष भेटलो, करारावर सही करायला मुद्दाम गेलो होतो. त्यांच्या टेबलावर आमची फाइल होती, तिला बाहेर आलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात प्रश्न, आणि सुटलेल्यांवर आडवी रेघ. एकच चिठ्ठी रेघेविना होती. त्यावर 'पुणे – मूल्यांकन' लिहिलेलं. आमच्यासमोर त्यांनी त्यावर रेघ मारली.

काल दुपारी १२:४० ला "पैसे पोचले" असा फोन आला. एजंटकडून तपकिरी पाकिटात दोन किल्ल्या मिळाल्या. एक मागच्या दाराची, ती लागत नाही. लँड रजिस्ट्रीत आमचं नाव लागायला अजून काही महिने जातील म्हणे, स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म मात्र १४ दिवसांच्या आत जातो, तो त्यांनी कालच भरला. बाबांनी व्हिडिओवर अख्खं घर बघितलं आणि स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यापाशी म्हणाले, "जरा वर धर, ओल बघू दे."

---

रानजाई

किती छान! बाबांना नमस्कार सांगा.

---

केतकी०७

खूप आनंद झाला. मीही राजापूरचं कळवलं सॉलिसिटरला. त्यांनी अकरा नावांचा उतारा बघून विचारलं, "यातल्या किती जणांना तुम्ही ओळखता?" म्हटलं सगळ्यांना, गणपतीत भेटतो.

---

सडाफटिंग

माझा वरचा सल्ला मागे घेतो. माझंच प्रकरण आता सल्लागाराकडे नेतोय.

---

लेस्टरची_लेक

@सडाफटिंग, हे वाचून बरं वाटलं. उशीर झाला तरी स्वतःहून गेलेलं कधीही चांगलं.

---

हिरवा_चाफा · ४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार, धागा पूर्ण वाचला. हॅरोला एक फ्लॅट बघितलाय, ३,१०,०००, सातवा मजला. भारतात कुठेही नाव नाही, आईला विचारून खात्री केली. @वारजे, फर्मचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आणि कोटेशन मागताना आधी काय विचारू?

---

रानजाई

लीझची किती वर्षं उरलीत, आणि बाहेरच्या आवरणाचे कागद आहेत का?

---

वारजे_ते_रेडिंग

व्यनि केला. पण त्या सातव्या मजल्याचं काम घेतात का ते आधी फोनवर विचारा.